प्रेमकथा : लिहिणाराचे कष्ट



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही ‘प्रेमकथेचे लेखन’ असे सांगितले. त्यांना वाटले, आपल्या ऐकण्यात चूक झाली. हमाल-मापाड्यांची आणि डाळगिरणीतल्या बायांची संघटना बांधण्यात ज्याची तीस वर्षे गेली त्याने किमान वेतनावर बोलावे, माथाडी कायद्यावर बोलावे. प्रेमावर बोलण्याचे त्याला काय कारण? त्यांनी पुन्हा विचारले. आम्ही पुन्हा तेच सांगितले. तेव्हा ते हसून म्हणाले, “बरे, गर्दी तरी होईल.” गर्दी झालेली दिसते. मागच्या बाकांवर गंजगोलाईकडचे आमचे हमालबंधू बसले आहेत. दिवसभर पोती उचलून आलेल्या माणसाला डुलकी लागली तर तो वक्त्याचा अपमान समजायचा नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी ऐकावे, असा रिवाज आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमचा जन्म नांदेडचा. वडील गिरणीत होते. आमची शाळा सातवीत सुटली आणि सोळाव्या वर्षी आम्ही लातूरच्या मोंढ्यात आडतीवर पोते उचलू लागलो. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि पोत्यांच्या थप्पीच्या सावलीत झाले. तेव्हा आज जे सांगणार ते शास्त्र नव्हे. एका कामगाराने प्रेमकथा लिहिण्याचा प्रयत्न केला, त्यात तो कुठे कुठे पडला आणि पडून काय शिकला, एवढीच ही हकिकत आहे.

पहिला धडा आम्हाला पुस्तकात मिळाला नाही. संघटनेच्या कचेरीत मिळाला. त्या काळी आमच्या हमालांपैकी पुष्कळांना लिहिता येत नसे. संध्याकाळी ते कचेरीत येत आणि गावी पत्र लिहून मागत. एक तरुण हमाल होता. लग्नाला वर्ष झालेले, बायको गावी आणि तिला दिवस गेलेले. त्याने आईची तब्येत, गाईचे वासरू, पेरणी, उधारी सगळे लिहवून घेतले. बायकोचे नाव मात्र निघेना. सासू-सासऱ्यांसमोर वाचले जाणारे पत्र. त्यात बायकोचे नाव कसे घालायचे? शेवटी डोके खाजवीत तो म्हणाला, “आणिक एक लिवा. कडब्याच्या गंजीवर कुणी चढू नगा म्हणावं. पाय घसरतोय.”

आम्ही ते जसेच्या तसे लिहिले. त्या घरात गंजीवर चढून कडबा काढणारे माणूस एकच होते. पत्र ऐकताना ते वाक्य कोणासाठी आहे हे साऱ्या घराला कळले असेल आणि कोणालाच काही बोलता आले नसेल. त्या रात्री आम्हाला उमगले, की प्रेम हा शब्द न वापरता सांगितलेले प्रेम अधिक खरे वाटते. आमच्या मुलखात माणसे ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असे म्हणत नाहीत. ‘जेवलास का’ असे विचारतात.

पुढे वाचनात आले, की या बाबतीत आम्हाला एक थोर पूर्वज आहे. इंग्लंडात सॅम्युअल रिचर्डसन नावाचा एक मुद्रक होता. त्याचेही शालेय शिक्षण बेताचे. लहानपणी तो गावातल्या मुलींना त्यांच्या प्रियकरांची पत्रे लिहून देई. पन्नाशीत आल्यावर पुस्तकविक्रेत्यांनी त्याला साध्या लोकांसाठी नमुना-पत्रांचे पुस्तक करायला सांगितले आणि ते करता करता १७४० साली ‘पामेला’ ही कादंबरी झाली. तिची नायिका घरकाम करणारी मोलकरीण आहे. ज्या कादंबरीपासून इंग्रजीतल्या प्रेमकथेची परंपरा सांगतात, ती एका कारागिराने एका कामकरणीवर लिहिली, ही गोष्ट आम्हाला फार धीर देऊन गेली.

पण इतक्या लांब जाण्याचे कारणच नाही. आपल्या गोदावरीच्या काठी पैठणला सातवाहन राजे होते. त्यांतल्या हाल राजाच्या नावावर ‘गाथासप्तशती’ हा सातशे गाथांचा संग्रह आहे. भाषा महाराष्ट्री प्राकृत. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तो मराठीत आणला. आम्ही तो वाचनालयातून आणला तेव्हा वाटले होते, राजाचा ग्रंथ, त्यात राण्या असतील. निघाले काय? शेतकरी, गुराखी, पारधी, पाटलाच्या घरच्या सुना. पीक वाढले की भेटायला आडोसा होतो आणि कापणी जवळ आली की आडोसा जाणार म्हणून पोरीचे तोंड उतरते. साऱ्या गावाला सुगीचा आनंद आणि तिला एकटीला दुःख! प्रेमकथेला काय लागते, ते या एका कल्पनेत आले. दोन माणसे लागतात, त्यांना भेटायला जागा लागते आणि ती जागा हातची जाण्याचे भय लागते.

ही जागेची अडचण क्षुल्लक समजू नका. मराठी कादंबरीचा आरंभीचा इतिहास याच अडचणीने घडला आहे. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. या कथांत राजपुत्र, राजकन्या, अद्भुत प्रसंग यांची रेलचेल आहे. असे का? रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत त्याचे कारण दिले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्यातल्या लग्नाच्या चालीमुळे आणि इतर कारणांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात मनोरंजक असे काही घडतच नाही, मग लिहिणाराने काय करावे? आज आपल्याला हसू येते. पण ज्या समाजात मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई, तिथे दोन जाणत्या माणसांनी एकमेकांना निवडावे कधी आणि कुठे? म्हणून लेखकाला राजवाडा गाठावा लागला.

पुढे मुली शिकू लागल्या. १९२९ साली शारदा कायद्याने लग्नाचे वय वाढवले. आणि ना. सी. फडक्यांची नायिका कॉलेजात दिसू लागली. फडक्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून सांगितले, की गोष्ट रचण्याला तंत्र असते; ते शिकावे लागते. त्यांच्या विरुद्ध खांडेकरांचा पक्ष उभा राहिला आणि कला कलेसाठी की जीवनासाठी यावर महाराष्ट्रात वर्षानुवर्षे वाद रंगला. त्या वादात आम्ही न्यायाधीश व्हावे अशी आमची योग्यता नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत एवढेच म्हणू, की थप्पी सरळ लागली पाहिजे हे फडक्यांचे म्हणणे बरोबर. पण पोत्यात भुसा आहे की धान्य आहे, हे पाहणारा खांडेकरही पाहिजे. तळचा थर वाकडा लागला तर वरचे पोते माणसाच्या अंगावर येते, हे हमालाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ निघाले. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव. लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर. त्यात शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींची मने उघडी केली होती. केवढे वादळ उठले! ते का उठले, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. कारण त्या मुली हातात पगार असलेल्या होत्या, आणि जिच्या हातात पगार आहे तिला ‘नाही’ म्हणता येते. जिला ‘नाही’ म्हणता येत नाही तिच्या ‘हो’ ला किंमत काय? आमचे एक जुने सहकारी आम्हाला रागावून म्हणत, “लढ्याच्या दिवसांत प्रेमकथा कसल्या लिहिता?” त्यांना आमचे हेच उत्तर असे. रोजंदारी आणि प्रेम ही दोन खाती वेगळी नाहीत. अण्णा भाऊ साठ्यांनी हे ओळखले होते. मुंबईत त्यांनी गिरणीत काम केले, कामगारांत राहिले, लाल झेंड्याखाली पोवाडे गायले आणि त्याच हाताने ‘वैजयंता’ लिहिली. तमाशात नाचून पोट भरणाऱ्या मुलीचे मन त्यांना लिहिण्याजोगे वाटले.

आता आमच्या प्रयत्नांकडे वळतो.

आमची पहिली गोष्ट एका दिवाळी अंकाकडून साभार परत आली. ती आम्ही डाळगिरणीतल्या बायांना दुपारच्या सुट्टीत वाचून दाखवली. नायिका खिडकीत उभी, बाहेर पाऊस, मनात हुरहुर. सारे व्यवस्थित होते. बाया निमूटपणे ऐकत होत्या. आम्ही थांबलो तेव्हा एक म्हातारी, जिचे सारे आयुष्य डाळ निवडण्यात गेले ती, म्हणाली, “दादा, तुमच्या पोरीला हात हायेत का न्हाईत? सकाळधरनं नुसती खिडकीत उभी हाय. तिच्या घरी भाकरी कोण थापलालंय?”

हशा झाला. आम्हीही हसलो, पण रात्री झोप आली नाही. संपादकाने गोष्ट का परत केली हे त्याच्या छापील चिठ्ठीत नव्हते. म्हातारीने ते एका वाक्यात सांगितले. आम्ही तीस वर्षे माणसांच्या कामाचे दाम मागत आलो आणि गोष्ट लिहायला बसताच नायिकेचे काम काढून घेतले! तेव्हापासून आमचा नियम असा, की पात्राच्या हातात आधी काम द्यायचे, मग त्याच्या मनात प्रेम घालायचे. डाळ पाखडताना तिचे सूप क्षणभर थांबले, एवढे लिहिले की हुरहुर लिहावी लागत नाही.

दुसरी चूक भाषेची. आमची नायिका लातूरची आणि बोलत होती पुण्याच्या सदाशिव पेठेतले. लातूरला आपण ‘काय करलालास’ म्हणतो, नांदेडला ‘काय करायलास’ म्हणतो. आम्ही दोन्हीकडचे मीठ खाल्लेले. पण लिहिताना लाज वाटे. लोक आपल्याला अडाणी म्हणतील! मग ध्यानात आले, की माणूस रागावतो तेव्हा, रडतो तेव्हा आणि प्रेम करतो तेव्हा आईच्या बोलीत बोलतो. ती बोली काढून घेतली तर उरते ते नाटकातले भाषण.

तिसरी चूक अडथळ्याची. आम्ही गैरसमजावर गोष्ट उभी केली होती. चिठ्ठी भलत्याच्या हाती पडते, नायक रुसतो, शेवटी उलगडा होतो. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे; चिठ्ठी हरवत नाही. आणि खरे सांगायचे तर आपल्या मुलखात अडथळ्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. जात आहे, जमीन आहे, हुंडा आहे, सहा महिने ऊसतोडीला जाणारे बिऱ्हाड आहे. खरे अडथळे दाराशी उभे असताना लेखकाने खोटे का रचावेत? रचतो, कारण खऱ्या अडथळ्याचे उत्तर त्याच्याजवळ नसते.

चौथी गोष्ट चूक म्हणून सांगत नाही, पथ्य म्हणून सांगतो. आपल्या कित्येक गोष्टींत आणि चित्रपटांत नायक मुलीचा पाठलाग करतो, ती झिडकारते, तो चिकाटी धरतो आणि ती वश होते. याला प्रेम म्हणतात! आमच्या संघटनेत सभासद करून घेताना माणसाची स्वतःची सही किंवा अंगठा लागतो. मागे लागून घेतलेली सही संपाच्या पहिल्या दिवशी पळून जाते. कामाच्या जागी बाईला त्रास देण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला; दहा किंवा अधिक माणसे जिथे काम करतात तिथे तक्रार समिती नेमावी लागते. ज्या वर्तनाची तक्रार आम्ही समितीपुढे नेतो तेच वर्तन गोष्टीत नायकाचा गुण म्हणून कसे लिहू?

याचा अर्थ प्रेमकथेने सोवळे नेसावे असा नाही. चंद्रकांत काकोडकरांचे नाव इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्यांच्या कादंबऱ्या वाचनालयातून घरोघर जात. त्यांच्या ‘नीलांबरी’वरून १९६९ साली ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट निघाला. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ साली लेखक निर्दोष सुटला. न्यायालयाचा भाव असा होता, की लिखाण समग्र पाहावे आणि समाजाची मापे बदलत असतात हे ध्यानात घ्यावे. देहाचा उल्लेख आला म्हणजे कथा बिघडली असे आम्ही मानत नाही. ज्या देहाने दिवसभर ओझे वाहिले त्याला संध्याकाळी मायेचा हात लागावा, यात अश्लील ते काय? कोणाच्या इच्छेविरुद्ध लागलेला हात मात्र कितीही अलंकारिक भाषेत लिहिला तरी अश्लीलच.

आता शेवटचा प्रश्न. गोष्टीचा शेवट कसा करावा? या प्रश्नासाठीच आम्ही हा विषय घेतला.

२०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला प्यायला पाणी नव्हते. टाक्यांपाशी भांडणे होतील म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागली. १२ एप्रिलला पाच लाख लिटर पाणी घेऊन मिरजेहून पहिली रेल्वे आली. त्या दिवसांत आम्ही एक गोष्ट लिहिली. टँकरच्या रांगेत एक मुलगा आणि एक मुलगी भेटतात. पाच माणसांनी एकत्र जमू नये असा हुकूम. दोघांनी जमू नये असा कोणता हुकूम आहे, असा तिच्यात विनोद होता. ‘गाथासप्तशती’तल्या पोरीला पीक कापले जाण्याचे भय, आमच्या नायिकेला पाऊस येण्याचे. पाऊस आला की रांग मोडणार! जात आडवी येते. शेवटी दोघे रात्रीच्या गाडीत बसतात, गाडी सुटते, गोष्ट संपते. गोष्ट एका छोट्या अंकात छापून आली.

त्याच महिन्यात, २९ एप्रिलला, ‘सैराट’ चित्रपट आला. आमच्या कचेरीतल्या पोरांनी तो पाहिला आणि ती आम्हाला म्हणाली, “दादा, तुमची गोष्ट खोटी हाय. खरं काय होतंय ते पिच्चरमधी दावलंय.” आम्ही निरुत्तर झालो.

काही महिन्यांनी एक मुलगा आणि एक मुलगी कचेरीत आली. जाती वेगळ्या. मुलगा आमच्या एका सभासदाचा. मुलीने आमची गोष्ट वाचली होती. ती म्हणाली, “गाडीत बसल्यावर पुढं काय करायचं ते तुम्ही लिहिलं नाही.” बंधूंनो, आमच्या लेखनावर इतकी कठोर टीका कोणी केलेली नाही. आम्ही त्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा समजावून सांगितला. तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती नोटीस कचेरीत लोकांना दिसेल अशी लावतात, हेही सांगितले. त्यांनी नोटीस दिली. कोणीतरी ती वाचली. दहाव्या दिवशी मुलीचे नातेवाईक तिला गावी घेऊन गेले. मुलगा आठवडाभर रोज कचेरीत येऊन बसे. कोणी काही बोलत नसे. मग तो पुण्याकडे कामाला गेला. मुलीचे लग्न दुसरीकडे झाल्याचे कळले.

कायदा समजावून सांगितला, पण तीस दिवस त्या मुलीने कुठे राहावे याचा बंदोबस्त आम्ही केला नाही. संपाची नोटीस देताना आम्ही आधी शिधा गोळा करतो, रात्रीची गस्त ठरवतो. इथे ते सुचले नाही. ही चूक आमची, दुसऱ्या कोणाची नाही.

त्यानंतर पुष्कळ दिवस आम्ही गोष्ट लिहिली नाही. त्या गोष्टीचा शेवट बदलावा, दोघांना गाडीतून उतरवावे, असे मनात येई. तेच खरे, असे वाटे. दोन वर्षांपूर्वी एस. टी. स्टँडवर ती मुलगी भेटली. कडेवर लेकरू. नमस्कार केला. आम्हाला बोलायला शब्द सुचेना. आम्ही म्हणालो, “ती गोष्ट आम्ही बदलणार आहोत.” ती म्हणाली, “नका बदलू, दादा. त्यांना तेवढं गाडीतून उतरवू नका.” आणि तिची गाडी लागली म्हणून ती गेली.

घरी येईपर्यंत आम्ही विचार करत होतो. आम्ही आयुष्यभर मागणीपत्रे लिहिली. मागणीपत्रात आम्ही काय लिहितो? आज मिळते ती मजुरी लिहितो काय? मिळायला हवी ती लिहितो. मालक ते वाचून म्हणतो, हे खोटे आहे, हे होणे नाही. पण ते खोटे नसते. ते अजून झालेले नसते. शोकान्त गोष्ट ही चौकशी-समितीचा अहवाल आहे. ती पाहिजेच, तिच्यावाचून लोकांना जाग येत नाही. पण सुखान्त प्रेमकथा हे मागणीपत्र आहे, आणि चांगल्या मागणीपत्राला जे लागते ते तिलाही लागते. प्रत्येक कलम पोटापाण्याच्या हिशेबावर टिकले पाहिजे. गाडी कुठे जाते, उतरल्यावर पहिली रात्र कुठे, खोलीचे भाडे कोण देतो, तिला काम कुठे मिळते, महिन्याने तिच्या आईला पत्र कोण लिहिते, हे ज्याने लिहिले त्याचा सुखान्त खरा. हे न लिहिता ज्याने गाडी सोडून दिली त्याने, आमच्यासारखे, कोरे मागणीपत्र दिले.

आता ती गोष्ट आम्ही पुन्हा लिहीत आहोत. त्यांना गाडीतून उतरवलेले नाही. गाडी पहाटे पोचते. दोघांजवळ एक पिशवी आहे, पिशवीत चार भाकरी आणि एक पत्ता आहे. त्या पत्त्यावरचे दार कोण उघडते, तिथवर आम्ही येऊन थांबलो आहोत. ते दार उघडणारे माणूस आम्हाला कागदावर सापडत नाही. कारण गावात ते अजून सापडलेले नाही. आपल्यापैकी कोणी तसे असेल, तर त्याने सभा संपल्यावर आम्हाला जरूर भेटावे. गोष्टीसाठी नाही भेटलात तरी चालेल. कचेरीत तशी पोरे अजूनही येतात.